दिराचं बोट आणि कातरबाईचं सिंक

कातरबाईने सख्ख्या दिराचं बोट करवतीने उडवलं, अशी कुजबुज आमच्या गल्लीत एका सोमवारी सुरू झाली आणि बुधवारपर्यंत तिला पाय फुटले. सोमवारी अर्धं पेर गेलं होतं. मंगळवारी अख्खं बोट गेलं. बुधवारी ते बोट सिंकच्या जाळीत अडकलेलं सापडलं, असं सांगणारी एक बाई मला भेटली. तिने स्वतः ते पाहिलं नव्हतं, पण ज्या बाईने पाहिलं होतं त्या बाईला तिने पाहिलं होतं. उजव्या हाताची तर्जनी, हे मात्र तिने छातीठोकपणे सांगितलं.

मी तेव्हा कोपऱ्यावरच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. औषधाच्या खिडकीशी उभा राहिलेला माणूस स्वतःचं दुखणं कमी आणि शेजाऱ्याचं जास्त सांगतो. त्यामुळे त्या घराची खडान्‌खडा खबर मला जागच्या जागी मिळत असे. पुढचं सगळं मी चार तोंडांतून ऐकलंय. चौघांचं जिथे जुळलं तेवढंच सांगावं, हा सभ्यपणा. पण जिथे जुळलं नाही तिथेच खरी गंमत होती, त्याला मी काय करू?

कातरबाई हे काही तिच्या आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ती रेडिमेड शर्टांच्या कारखान्यात कटिंग मास्टर होती. एकोणिसाव्या वर्षी तिथे दोरे कापायला लागली, म्हणजे तयार शर्टाचे लोंबते दोरे, दिवसभर, उभ्याने. तिथून कापडाचे थर पसरायला, तिथून खडूने आखायला, आणि चाळिशीला आली तेव्हा साठ थरांच्या गठ्ठ्यातून उभं पातं फिरवायचं मशीन तिच्या हातात आलं. कटिंगच्या टेबलावर एक चूक म्हणजे एक चूक नसते, साठ शर्टांची एकदम वाट लागते. म्हणून तिचा हात सावकाश होता. जिभेला तेवढी सवड नव्हती. सत्तावीस वर्षांत दहाही बोटं शाबूत, आणि त्या धंद्यात ही पदवी समजतात. लोखंडी जाळीचा हातमोजा चढवल्याशिवाय ती पात्याजवळ जात नसे. बोलताना मात्र समोरच्याला असला काही बचाव करायची संधी देत नसे. नाव हातावरून पडलं की जिभेवरून, यावर गल्लीत दोन तट होते. मी दोन्हीकडे होतो.

तिचा धाकटा दीर सुतार. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. घर दोन मजली, बाहेरून जिना. खाली कातरबाई, तिचा नवरा आणि सासू. वर मिस्त्री आणि त्याची बायको. वर्कशॉप गल्लीच्या तोंडाशी. मिस्त्रीचा हात चांगला होता, खोटं कशाला बोलू? पण तो हात बाहेरच्यांसाठी होता. घरच्या कामाला तो "घरचंच तर आहे" या मापाने लाकूड कापत असे.

या भानगडीच्या सहा वर्षं आधी त्याने वहिनीच्या स्वयंपाकघरात ओट्याखालची कपाटं बसवली. महिनाभरात दारं लागेनात. कातरबाईने दोन महिने घरात सांगून पाहिलं, मग एक दिवस गळ्यात टेप अडकवून सरळ वर्कशॉपात गेली. तिथे एक नवराबायको अख्ख्या घराचं फर्निचर ठरवत बसले होते.

"भावोजी," ती म्हणाली, "डावं दार वरून दोन सूत आत आहे आणि खालून एक सूत बाहेर. हे दार आहे की मान लचकलेला माणूस?"

ती नवराबायको एकमेकांकडे बघत उठली, मागच्या भिंतीला टेकवलेल्या दोन दारांकडे वाकून वाकून बघितलं, आणि गेली ती गेलीच.

त्या दिवशी मिस्त्रीने जाहीर केलं, की याच वर्कशॉपात, गिऱ्हाइकासमोर, वहिनी 'माझं चुकलं' म्हणत नाहीत तोवर त्यांच्या स्वयंपाकघरात मी खिळासुद्धा ठोकणार नाही. कातरबाई म्हणाली, "खिळा सरळ ठोकता आला असता तर ही वेळच आली नसती."

तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. बंद म्हणजे काय, बोलत होते भरपूर, पण सासूमार्फत. दोघं एका खोलीत हातभर अंतरावर उभे असले तरी, "आई, वहिनींना सांग," आणि "सासूबाई, त्यांना सांगा." म्हातारी मधे बसून मान हलवायची. पोचवायचं काही नव्हतंच, दोघांना ऐकू येत होतं. पण तिच्या मान हलवण्याशिवाय निरोप पोचला असं कोणी मानत नसे.

कातरबाईचा नवरा कुठे होता म्हणाल, तर तिथेच होता. त्याला सगळे होयबा म्हणत. भाऊ म्हणाला "बायकोला आवर," तर हो. बायको म्हणाली "भावाला आवरा," तरी हो. असा माणूस घरात असला की भांडण टिकतं, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

तर भानगडीच्या वर्षी ओट्याची फळी कुजली. सिंकच्या कडेने पाणी झिरपून झिरपून लाकडाचा भुगा पावासारखा फुगला, आणि एका शुक्रवारी सिंक ताटांसकट तिरकं झालं. जुनी फळी उचकटून टाकावी लागली. भांडी न्हाणीघरात, उकिडवं बसून. म्हातारीचे गुडघे तर खालीच बसू देत नव्हते. ती स्टुलावर बसून कप विसळायची आणि सुनेला शिव्या घालायची, मग मुलाला, मग गुडघ्यांना.

कातरबाईने दोन सुतारांना विचारलं. त्या धंद्यातला एक अलिखित कायदा आहे: मिस्त्रीच्या घरातलं काम दुसऱ्या मिस्त्रीने उचलायचं नाही. दोघांनी एकच उत्तर दिलं, "तुमच्या घरात मिस्त्री असताना आम्ही कसं यायचं, बाई?" त्यातल्या एकाला तर हसू आवरलं नाही. म्हणजे वर्कशॉपातून आधीच खबर गेली होती.

तिने स्टीलचं नवं सिंक आणलं आणि ओट्याची नवी फळीही आणली. वरून गुळगुळीत लॅमिनेट, आत दाबलेला भुसा, जाडी सव्वा इंच. दुकानाने लांबी-रुंदी कापून दिली. सिंकचं भोक मात्र "ते तुमचा मिस्त्री करेल" म्हणून सोडून दिलं. त्या मापाची ती शेवटची फळी होती. पुढचा माल कधी येईल ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. म्हणजे हिशेब सरळ होता. भोक बरोबर पडलं तर तिची मान ताठ. चुकलं तर वर्कशॉपात उभं राहायचं, गिऱ्हाइकासमोर, आणि ते दोन शब्द म्हणायचे.

"सासूबाई, वर सांगा," ती छताकडे तोंड करून म्हणाली, "भोक मी पाडणार आहे."

वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. गंमत ऐकायला मिस्त्रीला ती गॅलरीत हवी होती.

रविवारी सकाळी कारखान्यातल्या मेंटेनन्सवाल्याकडून आणलेलं जिगसॉ मशीन, म्हणजे उभ्या पात्याची विजेवरची करवत, ओट्यावर ठेवलं गेलं. सिंकच्या खोक्यात एक मोठा कागद घडी घालून ठेवला होता, भोकाचा आराखडा. त्यावर अक्षर एक नाही, नुसती चित्रं. दोन रेघा: एक बाहेरची अखंड, एक आतली तुटक. कातरबाईने कागद फळीवर अंथरला, चारी कोपऱ्यांना टेप लावली, पुढच्या कडेपासून अंतर मोजलं, भिंतीपासून मोजलं, पुन्हा मोजलं. मग आखलं. लॅमिनेटचे टवके उडू नयेत म्हणून रेघेवरून कागदी टेप चिकटवली. हातमोजा चढवला. होयबाला ओट्याखालच्या कपाटात बसवलं, कापलेला तुकडा शेवटी मोडून पडू नये म्हणून खालून धरायला. बिचारा कपाटात गुडघे हनुवटीला लावून बसला, दोन्ही हात वर.

"नीट धरा."

"हो."

"डोकं बाजूला."

"हो."

"ऐकू येतंय ना?"

"हो." ऐकू काही येत नसावं, मशीन चालू झालं होतं.

तिने आधी ड्रिलने चारी कोपऱ्यांना एकेक भोक पाडलं, त्यातून पातं घातलं आणि निघाली. म्हातारी दारात खुर्ची टाकून बसली होती; ती नंतर दवाखान्यात मला म्हणाली, "काय सांगू, लोण्यातून सुरी जावी तशी गेली हो. जन्मात मी त्या बयेला चांगलं म्हटलं नाही, पण हात बघण्यासारखा आहे." कोपरे गोल, कडा सरळ, एक टवका नाही. तुकडा सुटून अलगद होयबाच्या हातात आला. कातरबाईने मशीन बंद केलं, प्लग काढला, वायर गुंडाळून ठेवली, भुसा पुसला. मग मान वर करून मोठ्याने म्हणाली, "सासूबाई, सांगा वर. झालं!"

आणि सिंक उचलून भोकात ठेवलं.

ते ठेवलं गेलंच नाही. ते सरळ खाली गेलं. ना अडखळलं, ना टेकलं. कपाटातून "नाही! नाही!" असा आवाज आला. होयबाने आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं, पण तेव्हा उशीर झाला होता.

म्हातारीने वाकून पाहिलं. "बसलं," ती म्हणाली. "जरा जास्तच खाली बसलं."

झालं होतं काय, तर कटिंगवाल्या माणसालाच होऊ शकते अशी चूक झाली होती. शर्टाच्या आराखड्यावरही दोनच रेघा असतात. अखंड रेघेवरून कातर फिरवायची, तुटक रेघेवरून शिलाई मारायची. सत्तावीस वर्षं तिच्या कारखान्यात अखंड रेघच कापली जात होती. सिंकवाल्यांचं उलटं. त्यांची अखंड रेघ म्हणजे सिंकच्या बाहेरच्या काठाची हद्द. कापायचं ते आतल्या तुटक रेघेवरून, म्हणजे काठ टेकायला फळी उरते. तुमच्या-माझ्यासारखा अडाणी असता तर घाबरून कुणाला तरी विचारलं असतं. ती जाणकार, म्हणून चुकली.

मिस्त्री जिना तीन ढांगांत उतरला. पायात चपलाही नव्हत्या. सहा वर्षांनी त्या स्वयंपाकघरात शिरत होता, पण चेहरा असा की जणू बोलावणं आलंय. घडीची पट्टी खिशातून काढून त्याने भोक मोजलं. मोजायची गरज नव्हती. नुसतं मोजत राहिला.

"आई, वहिनींना सांग, चारी बाजूंनी चार-चार सूत, म्हणजे अर्धा-अर्धा इंच जास्त."

म्हातारीने मान हलवली.

"आई, वहिनींना हेही सांग, की माझं दार वाकडं असेल, पण ते भिंतीतून आरपार पडत नाही."

"सासूबाई, त्यांना सांगा," कातरबाई म्हणाली, "हसून झालं असेल तर तुमच्या दादांना कपाटातून बाहेर काढा. तुमच्याच दाराला अडकलेत."

खरंच अडकला होता. डावं दार.

मिस्त्रीने भावाला ओढून काढलं आणि उंबऱ्यावर थांबून आईला सुनावलं, "बुधवारी संध्याकाळी सहाला वर्कशॉपात दोन गिऱ्हाइकं येणार आहेत. वहिनींना सांग, तेव्हा आल्या तर बरं. दोनच शब्द आहेत. पाठ करायला तीन दिवस पुरतील."

तेवढ्यात म्हातारी उठली. ती सहसा खुर्चीतून उठत नसे. "ए," ती मुलाला म्हणाली, "तुमचं चुकलं-माकलं चुलीत घाला. तिसरा दिवस आहे मी न्हाणीत कप विसळतेय. उद्या सकाळी आठला हत्यारं घेऊन खाली यायचं आणि हे सिंक बसवायचं. नाही आलास तर मी वर येऊन तुझ्या बायकोच्या सिंकमध्ये भांडी घासेन, रोज, तिन्ही वेळ, आणि घासताना बोलेन."

मिस्त्री जगात एकाच माणसाला भीत असे. "बरं," तो म्हणाला. आणि वर गेला तो असा गेला, की जिन्याच्या प्रत्येक पायरीने ऐकावं. सहा वर्षांची शपथ फुकट जाणार होती, तीही वहिनीच्या देखत, तिच्याच ओट्यावर वाकून.

सोमवारी आठ वाजता तो दारात उभा राहिला. हत्यारं नव्हती. उजवा हात छातीशी धरलेला आणि तर्जनीवर लोकरीच्या गुंड्याएवढी पांढरी पट्टी.

"आई, कसं करू सांग. काल मोजताना त्या मशीनला हात लागला. चालूच ठेवलं होतं वाटतं. कापलं गेलं."

कातरबाईच्या हातातला कप हातातच राहिला. "सासूबाई, त्यांना विचारा, प्लग काढलेलं मशीन चालू कसं झालं? वायर मी स्वतः गुंडाळली होती."

"ते मला काय माहीत? वहिनींची मशीनं वहिनींना माहीत."

"विचारा, रक्त कुठे सांडलं? ओटा मी काल तीनदा पुसलाय. भुसा निघाला, रक्त नाही."

"वर गेल्यावर सांडलं."

"म्हणजे बोट इथे कापलं आणि रक्ताने जिना चढेपर्यंत दम धरला? मोठं समजूतदार रक्त आहे हो. विचारा, पट्टी सोडून दाखवतील का?"

"पंधरा दिवस सोडायची नाही, असं दवाखान्यात सांगितलंय." मग तो गोड आवाजात म्हणाला, "आई, वहिनींना सांग, माझा माणूस पाठवतो मी. तासाभराचं काम. फक्त बुधवारी सहाला तेवढं दोन शब्दांचं बघा."

मिस्त्रीची बायको जिन्यात उभी राहून पदराने डोळे पुसत होती. ते डोळे कोरडे होते, असं दोन तोंडांनी सांगितलं आणि दोन तोंडांनी नाही.

दुपारपर्यंत गल्लीला बातमी पोचली. ती कशी वाढली ते वर सांगितलंच आहे. मंगळवारी सकाळी कारखान्यात कातरबाई टेबलाशी आली तशी बाजूच्या बायका हातभर मागे सरल्या. थर पसरणाऱ्या एका पोरीला राहवलं नाही. "बाई, खरंच का हो? दिराचं बोट..."

दुसरी कुणी असती तर शपथा घातल्या असत्या. कातरबाईने खडू उचलला, आखायला लागली आणि मान वर न करता म्हणाली, "तर्जनी. मधलं ठेवलंय, पुढच्या वेळेसाठी."

त्या दिवसापासून त्या सेक्शनमध्ये तिला कोणी उलटून बोललं नाही. सुपरवायझरसुद्धा नाही. खोट्या बदनामीचा असा रोकडा उपयोग मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

पण घरी भोक तसंच होतं आणि बुधवार उद्यावर आला होता. त्याच दुपारी एका नव्या कटरने बिनकॉलरच्या शर्टांचा गळा मोठा कापून ठेवला. साठ शर्ट. पोरगा रडकुंडीला आलेला. कातरबाईने त्याला झाडलं, यथास्थित झाडलं, आणि मग नेहमीसारखं म्हणाली, "रडतोस काय? गळा मोठा झाला तर आतून पट्टी लावतात."

म्हणाली आणि स्वतःच थांबली. मग मेंटेनन्सवाल्याकडे गेली आणि मशीन अजून दोन दिवस लागेल म्हणाली. तो कशाला नाही म्हणतोय. त्यालाही बोटं प्यारी होती.

घरी येऊन तिने भोकातून निघालेला तुकडा मागितला. होयबाने तो जपून ठेवला होता. कुणीतरी धरायला सांगितलेली वस्तू टाकायची त्याची हिंमत नव्हती. त्या तुकड्याच्या तिने चार पट्ट्या पाडल्या, तीन-तीन बोटं रुंद. भोकाच्या उघड्या कडांना आणि पट्ट्यांना वार्निशचे दोन हात दिले, म्हणजे भुसा पुन्हा पाणी पिणार नाही. बुधवारी कामावरून आल्या आल्या त्या पट्ट्या फळीच्या खालच्या बाजूने गोंद आणि स्क्रू लावून बसवल्या, भोकात चारी बाजूंनी अर्धा इंच डोकावतील अशा. शर्टाच्या गळ्याला आतून लावतात तशा. या खेपेला कपाटात तीच उताणी पडली होती. होयबा वरून स्क्रू देत होता.

सहा वाजता वर्कशॉपात मिस्त्री वाट बघत उभा होता. दोन्ही गिऱ्हाइकं आली होती. त्याने त्यांना खुर्च्या दिल्या, पट्टीचा हात सगळ्यांना दिसेल असा धरला आणि म्हणाला, "जरा थांबा, आमच्या वहिनी येणार आहेत." साडेसहा झाले. पावणेसात. एका गिऱ्हाइकाने पट्टीकडे बघून दुसऱ्याला काहीतरी विचारलं, मग दोघंही 'पुन्हा येतो' म्हणून उठले. बोट गेलेल्या सुताराला जिन्याच्या कठड्याचं काम कोण देईल?

त्याच वेळी घरी कातरबाई सिंकच्या कडेने सिलिकॉनची रेघ ओढत होती. सिंक पट्ट्यांवर टेकलं होतं. फळीच्या जाडीएवढं खाली बसलं होतं खरं, पण हलत नव्हतं. रेघ कोपऱ्याकोपऱ्यातून एकसारखी वळली.

मिस्त्री सात वाजता तणतणत आला. उंबऱ्यावर थांबला. बघितलं. वाकून खालून बघितलं.

"आई," शेवटी तो म्हणाला, "वहिनींना सांग, सिंक खड्ड्यात बसलंय."

"सासूबाई, त्यांना सांगा, ओट्यावरचं पाणी आता खड्ड्यातच जाईल. त्यांच्या कपाटात नाही."

"दिसायला घाण दिसतंय."

"त्यांना सांगा, डावीकडच्या दाराकडे बघायचं. मग हे बरं दिसेल."

म्हातारीने दोन्ही निरोपांना मान हलवली आणि म्हणाली, "मला एवढंच सांगा, कप कधी विसळायचा?"

"उद्या संध्याकाळी," कातरबाई म्हणाली. "सुकायला चोवीस तास."

गुरुवारी संध्याकाळी नळ सोडला. थेंब गळला नाही. म्हातारीने उभं राहून कप विसळला आणि वर तोंड करून लेकाला ओरडून सांगितलं.

पुढे दोघं आणखी अकरा वर्षं त्या घरात राहिली. म्हातारी गेल्यावर निरोप पोचवायला कोणी उरलं नाही, तेव्हा बोलणं खरोखरच बंद झालं. 'माझं चुकलं' कातरबाईच्या तोंडून कुणी ऐकलं नाही. बोटाचं मात्र तिला कुणीही, कधीही विचारलं तरी तिने नाकारलं नाही. मिस्त्रीलाही नाकारता येईना. पट्टी त्याला पुरते पंधरा दिवस वागवावी लागली, डाव्या हाताने जेवला, आणि ती सोडल्यावर बोट दिसायला लागलं तरी लोक म्हणत, डॉक्टरने छान जोडलंय.

बोट कापलं गेलंच नव्हतं. सोमवारी सकाळी सात वाजता, डॉक्टर यायच्या आधी, मिस्त्री दवाखान्यात आला आणि धडधाकट तर्जनीवर पट्टी बांधून मागितली. मी ती बांधून दिली.